शिमानो १०५ आर७००० रिम ब्रेक : कॅलिपर टिकेल, लक्ष रिमकडे ठेवा

रोड बाइकवरून रिम ब्रेक (चाकाच्या कड्याला, म्हणजे रिमला, दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा) जवळजवळ गेलाच आहे. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयने १ जुलै २०१८ पासून रोड रेसमध्ये डिस्क ब्रेकला (चाकाच्या मधल्या चकतीवर पॅड दाबणाऱ्या) परवानगी दिली. तरीही २०२० ची टूर द फ्रान्स सायकलपटू तादेय पोगाचारने रिम ब्रेकच्या सायकलवर जिंकली. पण १०५ ही शिमानोची रोड बाइकच्या सुट्या भागांची मालिका. तिची १२ स्पीडची (मागे १२ गिअरची) आवृत्ती २०२२ मध्ये आली, ती फक्त डिस्कसाठी. त्यामुळे २०१८ चा आर७००० हाच १०५ मालिकेतला शेवटचा रिम ब्रेक ठरला. ज्यांच्याकडे चांगली रिम ब्रेकची फ्रेम आहे आणि मूळचे ब्रेक बोथट झालेत, त्यांनी हा कॅलिपर (पॅड रिमवर दाबणारा चिमटा) अजूनही घ्यावा का? आमचं उत्तर : घ्यावा. मात्र आधी रिम मोजावी.

कॅलिपर म्हणून हा फार चांगला आहे. दोन्ही बाजूंना सारखे पिव्होट (हात ज्यावर फिरतात ते सांधे) असल्यामुळे कॅलिपरचे हात वळत नाहीत, लिव्हर दाबल्यावर मधेच स्पंजासारखं लागत नाही आणि एका बोटाने वेग हवा तेवढाच कमी करता येतो. पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरताना हुडवर (लिव्हरच्या रबरी मुठीवर) हात ठेवूनही पुरेसा जोर मिळतो. कोरड्या रस्त्यावर, ॲल्युमिनियम रिमवर, थांबण्याच्या ताकदीत डिस्कसमोर तो लाजण्यासारखा नाही. शेवटी मर्यादा टायरच्या पकडीची असते आणि तिथपर्यंत हा ब्रेक आरामात पोचतो.

मग रिम ब्रेक मागे का पडला? मुख्य कारण रुंदी. कॅलिपरचे हात टायरला वरून वेढा घालतात. आर७००० मध्ये जास्तीत जास्त २८ मि.मी. टायर बसतो. आता रोड बाइकला ३० आणि ३२ मि.मी. टायर सर्रास येतात, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो फरक अंगाला कळतो. दुसरं कारण कार्बन रिम. लांब उतारावर ब्रेक सतत धरला की रिम तापते आणि कार्बनमधला रेझिन (धागे जोडून ठेवणारा पदार्थ) मऊ पडण्याचा धोका असतो. डिस्कमध्ये ती उष्णता रोटरवर, म्हणजे चकतीवर, जाते, रिम झिजतही नाही. एकदा बहुतेक सायकली डिस्कच्या झाल्यावर कंपन्यांना रिम ब्रेकसाठी फ्रेमचे वेगळे साचे ठेवणं परवडेना.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. फ्रेमवर आणि फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या भागावर) मधोमध एकच भोक असेल तर बीआर-आर७०००, म्हणजे हाच कॅलिपर, चालेल. दोन भोकं असतील तर ती डायरेक्ट माउंट आहे आणि तिला आर७०१० हा वेगळा कॅलिपर लागतो. भोकाच्या मध्यापासून रिमच्या ब्रेक पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर ५१ मि.मी.पर्यंत हवं, मडगार्डसाठी जागा सोडलेल्या जुन्या टूरिंग फ्रेममध्ये ते बरेचदा जास्त भरतं. तिसरी गोष्ट शिफ्टर (ब्रेक आणि गिअरची एकत्र लिव्हर). २००० च्या दशकातल्या ९ स्पीड शिफ्टरची लिव्हर वायर कमी ओढते. ती या कॅलिपरला जोडली तर लिव्हर हँडलबारला टेकेपर्यंत येऊ शकते. अशी जोडी करू नका.

बसवताना कॅलिपरचा मुख्य बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटर, केबलचा ६ ते ८, पॅडचा ५ ते ७. कार्बन फोर्क असेल तर टॉर्क रेंचशिवाय (बोल्ट मोजून आवळणाऱ्या पान्याशिवाय) हात लावू नये. आतली वायर १.६ मि.मी., आऊटर (तिच्यावरचं आवरण) ५ मि.मी.चा. आऊटर कापल्यावर तोंड कानसेने सपाट करा. तिथे राहिलेला वाकडा काठ हेच मऊ लिव्हरचं सगळ्यात नेहमीचं कारण. दोन्ही पॅडपासून रिमपर्यंतचं अंतर मिळून ३ ते ४ मि.मी. ठेवा. पॅडचा पुढचा टोकाकडचा भाग किंचित आधी टेकावा, साधारण अर्धा मि.मी., म्हणजे चिरकणारा आवाज येत नाही. पॅड टायरला कुठेही लागता कामा नये. तो रबरावर घासला तर टायरची बाजू कापली जाते आणि टायर उतारावरच फुटतो.

यात एक चूक जिवावर बेतू शकते. कार्ट्रिजची (पॅड सरकवून बसवायच्या शूची) उघडी बाजू नेहमी मागे, बंद बाजू पुढे. उलटं बसवलं तर ब्रेक लावताच चाक पॅडला पुढे ओढून शूमधून बाहेर काढतं. डावा-उजवा अशी खूण शूवर असते. पॅड अडकवणारा बारीक स्क्रूही विसरू नका.

सोबतचा आर५५सी४ पॅड कोरड्यात ठीक आहे. पावसाळ्यात मात्र बदलावा : कूल-स्टॉपचा सॅमन रंगाचा किंवा स्विसस्टॉपचा निळा बीएक्सपी. दुकानात मागताना ‘रोडचा ५५ मि.मी. कार्ट्रिज पॅड’ असं पूर्ण सांगा, नाहीतर व्ही-ब्रेकचे लांब रबर हातात पडतात आणि ते या शूमध्ये बसत नाहीत. एक-दोन जोड जादा घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

आता कोल्हापूरचा खरा प्रश्न. जूनपासून पन्हाळा, आंबा, गगनबावडा या भागात जांभ्याची लाल माती पाण्याबरोबर रस्त्यावर येते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांबरोबर शेतातला चिखल डांबरावर उतरतो. ही बारीक वाळू पॅडमध्ये रुतते आणि पॅड कानसेसारखा रिम खरवडत बसतो. चाकातून खरखर आवाज आला की थांबून पॅड पाहायचाच. त्यात ॲल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर टोकदार सुईने काढा, पॅडचा पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा आणि रिम स्पिरिटने पुसा. दर ओल्या राइडनंतर रिम साध्या पाण्याने धुतली तरी पॅड आणि रिम दोन्हींचं आयुष्य बरंच वाढतं. चेनला तेल देताना रिमवर थेंब उडणार नाही याचीही काळजी घ्या.

रिमची झीज अशी तपासा. बहुतेक रिमवर बारीक भोक किंवा खाच असते. ती दिसेनाशी झाली की रिम संपली (काही कंपन्यांची खूण याउलट, झिजल्यावर दिसू लागते, म्हणून माहितीपत्रक पाहा). खूणच नसेल तर पोलादी पट्टी ब्रेक पट्टीवर आडवी धरा. मधे उजेड दिसला, म्हणजे भिंत आत गेली आहे. जाडी नेमकी मोजायची तर साधा व्हर्नियर चालत नाही, कारण टायर अडकवणारा ओठ आडवा येतो. टोकं वळवलेला मापक लागतो आणि तो उद्यमनगरच्या मशीन शॉपमध्ये सापडण्याची शक्यता चांगली. भिंत १ मि.मी.च्या खाली गेली की रिम बदलाच. टायरमधली हवा आतून त्या भिंतीला बाहेर ढकलत असते, आणि पातळ भिंत बहुतेक वेळा जोराने ब्रेक लावतानाच फाटते.

ओल्या रिमवर हा ब्रेक लगेच पकडत नाही. आधी पाणी पुसलं जातं, चाकाचा एखाद-दुसरा फेरा जातो आणि मग एकदम पकड येते. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी पॅड हलके टेकवून रिम पुसून घ्या. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. जोरात लावा, सोडा, पुन्हा लावा, म्हणजे रिमला मधे थंड व्हायला वाव मिळतो. टीपीयू ट्यूब (पातळ प्लॅस्टिकची हलकी ट्यूब) वापरत असाल तर पाकीट वाचा. काही हलक्या ट्यूबवर ती फक्त डिस्क ब्रेकसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण तापलेल्या रिमवर ती टिकत नाही.

ॲल्युमिनियम चाकं, २५ किंवा २८ चे टायर आणि रविवारी पन्हाळा-जोतिबा असा वापर असेल तर याच ब्रेकवर खर्च करा, नव्या सायकलची घाई नको. कार्बन रिम घेऊन भर पावसात गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने कोकणात उतरायचं असेल, तर रिम ब्रेक नको. तिथे डिस्कच घ्यावा. नवी सायकलच घ्यायची असेल तर रिम ब्रेकचा जुना शिल्लक माल कितीही स्वस्त मिळाला तरी आधी दुकानदाराला विचारा, याच मापाची ॲल्युमिनियम रिम आणि चाकं पुढे मागवून मिळतील का. नाही म्हणाला तर ती सायकल सोडा.