बदकाच्या तळपायाची गाठ: एप्सम सॉल्ट की बीटाडीन?

तळपायाला सूज आणि काळी खपली दिसली, तर तो बहुधा बंबलफूट, म्हणजे तळपायाचा जंतुसंसर्ग. बारीक चिरेतून स्टॅफिलोकोकस जिवाणू आत शिरलेले असतात. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घातलेल्या कोमट पाण्यात पाय बुडवला की खपली मऊ पडते, ठणकाही कमी होतो. ते पाणी मात्र बदकाला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. पण एवढ्याने जंतू मरत नाहीत. म्हणून जखम उघडी असेल तर माझा कौल पातळ केलेल्या बीटाडीनला आणि वर गॉजच्या पट्टीला. यात जपायचं ते पाण्यापासून: भिजलेली पट्टी घाण धरून ठेवते. जखम भरेपर्यंत पोहणं बंद, खाली कोरडा पेंढा, प्यायला मात्र चोच बुडेल असं खोल भांडं. सूज वाढली किंवा बदक पाय टेकेनासं झालं, तर पशुवैद्यच गाठा. घरी ब्लेड लावू नका.