खारफुटीची भिंत: रोल की म्यूरल?

भिंतीवर खारफुटी हवी, तर तीच नक्षी पुन्हा पुन्हा येणारा वॉलपेपरचा रोल घ्यावा की भिंतभर एकच छापील चित्र, म्हणजे म्यूरल? वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात बैठकीची १२ बाय ९ फुटांची भिंत धरू. ५३ सेंमी रुंद, १० मीटरच्या रोलचे सात पट्टे लागतात. नक्षीची पुनरावृत्ती ६४ सेंमीची असेल तर जोड जुळवताना प्रत्येक पट्टा ३.२० मीटरचा कापावा लागतो. एका रोलमधून तीनच निघतात, म्हणजे तीन रोल. सगळे एकाच बॅचचे घ्या, नाहीतर हिरव्याची छटा बदलते. शिवाय तोच खंड्या दर ६४ सेंमीवर दिसत राहतो.

म्यूरल भिंतीच्या मापानेच छापतात. जुन्या भिंती क्वचितच सरळ असतात. रुंदी-उंची तीन ठिकाणी मोजा, सर्वांत मोठ्या मापात चारी बाजूंनी ५ सेंमी वाढवा. पूर्ण आकारात किमान १०० डीपीआय (इंचाला १०० ठिपके) हवे, नाहीतर पिसं धूसर येतात. निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) आणि खेकडे तीन फुटांच्या वर घ्या. खाली सोफा येतो. खंभातच्या आखाताचा भास हवा असेल तर तिवराची चिखलातून उभी येणारी श्वसनमुळं काढा. छापील नमुन्यांत बहुधा कांदळाची, म्हणजे दुसऱ्या खारफुटीची, कमानीसारखी मुळं असतात.

एका भिंतीसाठी म्यूरलच. ओल असेल तर दोन्ही थांबवा. विनाइलच्या (प्लास्टिकच्या) कागदामागे पाणी कोंडून बुरशी धरते.