हिंगणा एमआयडीसीतील झिंक प्लेटिंग: बेकिंगचा चार्ट मागून घ्यावा

आमच्याकडे कोळसा खाणींतील क्रशरची दुरुस्ती होते आणि त्यासाठी १२.९ ग्रेडचे, म्हणजे अतिशय मजबूत व कठीण पोलादाचे, बोल्ट लागतात. गंजू नयेत म्हणून त्यांवर विजेच्या साहाय्याने जस्ताचा थर चढवून (झिंक प्लेटिंग) घेतो, आणि या वेळी ते काम हिंगण्याच्या एका वर्कशॉपला दिले. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणाहून प्लेटिंग करून आणलेले बोल्ट आम्ही ठरलेल्या टॉर्कवर आवळून ठेवले, तर यंत्र सुरू होण्यापूर्वीच, सकाळी सहा बोल्टांची डोकी खाली पडलेली दिसली. कोठेही ताणल्याची खूण नव्हती. तुटलेला भाग साखरेसारखा दाणेदार होता.

गंज काढण्यासाठी केलेल्या ॲसिड पिकलिंगमध्ये आणि नंतर प्लेटिंगच्या टाकीत सुटणारा हायड्रोजन अणुरूपाने पोलादात शिरतो, जेथे ताण सर्वाधिक तेथे, म्हणजे बोल्टच्या डोक्याखालच्या वळणात, साचतो आणि कणांमधील बंध सैल करतो. म्हणूनच बोल्ट आवळताना न तुटता काही तासांनी तुटतो. ॲसिडमुळे लोखंड ठिसूळ होते हे जॉन्सन यांनी १८७५ मध्येच नोंदवले होते. साधे पोलाद हे बऱ्याच अंशी सोसते, १२.९ ग्रेडचे, ३९ एचआरसीहून (रॉकवेल या कठीणतेच्या मापावर) कठीण पोलाद सोसत नाही.

हिंगण्याच्या या वर्कशॉपने मात्र काम घेण्याआधीच बोल्टची कठीणता विचारली, आणि तेथेच माझा विश्वास बसला. पिकलिंग थोडक्यात आटोपून, प्लेटिंगनंतर दोन तासांच्या आत माल बेकिंगसाठी, म्हणजे शिरलेला हायड्रोजन उष्णतेने बाहेर काढण्यासाठी, भट्टीत गेला व २०० अंश सेल्सियसला २४ तास राहिला. जस्ताचा थर हायड्रोजनला सहजासहजी बाहेर पडू देत नाही, त्यामुळे एवढा वेळ द्यावाच लागतो. पॅसिव्हेशनचा, म्हणजे जस्ताच्या रक्षणासाठी त्यावर दिला जाणारा रासायनिक, थर या उष्णतेत खराब होतो, हे जाणून ते काम त्यांनी बेकिंगनंतर केले. आम्ही नमुन्याचे पाच बोल्ट आवळून ४८ तास ठेवले. एकही तुटला नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. भट्टी एकच असल्याने माल दोन दिवस उशिरा मिळाला, बेकिंगचा वेगळा दर आधी सांगितला गेला नाही आणि तापमानाचा चार्ट मागितल्याशिवाय मिळत नाही. चलानावर ते ‘हायड्रोजनमुक्त’ असा शिक्का मारतात, तो मला मान्य नाही. बेकिंगने धोका पुष्कळ कमी होतो, पण आधीच पडलेली सूक्ष्म चीर त्याने भरून येत नाही.

तुलनेने कमी कठीण असलेले ८.८ ग्रेडचे बोल्ट आम्ही येथेच देणार आहोत. १२.९ साठी मात्र ॲसिड आणि विजेशिवाय चढवला जाणारा झिंक फ्लेकचा लेप हवा आहे, आणि ती सोय यांच्याकडे अद्याप नाही.