काळ्या मातीची दबाई: गुळगुळीत ड्रम की पॅडफूट?

दहा-अकरा टनी व्हायब्रेटरी रोलर भाड्याने घ्यायला गेलात की तो गुळगुळीत ड्रमचाही मिळतो आणि पॅडफूटचाही, म्हणजे ड्रमवर ठोकळ्यांसारखे पाय असलेला. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा भराव दाबायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पॅडफूट घ्या.

वाळू-खडीचे कण सुटे असतात. कंपन मिळालं की ते सरकून घट्ट बसतात. चिकणमातीचे कण मात्र एकमेकांना धरून असतात. त्यांना नुसतं हलवून भागत नाही, कणकेसारखं तिंबावं लागतं. पॅडफूटचे पाय थरात रुतून तळाकडून दाबत येतात. सुरुवातीला ते खोल जातात, मग फेरीगणिक ड्रम वर येत जातो. रुतणं थांबलं की थर बसत आल्याचं डोळ्यांनाच दिसतं. गुळगुळीत ड्रमने दोन-चार फेऱ्यांत वर चकचकीत कवच धरतं आणि पाहणीत काम सुरेख दिसतं, पण खालची माती सैल राहू शकते. त्या कवचावर टाकलेला पुढचा थरही नीट एकजीव होत नाही.

गुळगुळीत ड्रम लागतो तो मुरूम आणि खडीच्या थरांना. वळवाचे ढग दिसत असतील तर संध्याकाळी काळ्या मातीवरही तो फिरवून घ्या. पॅडफूटच्या खळग्यांत पाणी साचतं आणि सकाळी चिखल होतो. पुढचा थर टाकण्याआधी तो पृष्ठभाग पुन्हा खरवडा. दोन मशीन परवडत नसतील तर गुळगुळीत ड्रमवर बोल्टने बसवायचं पॅडफूटचं शेल किट (पाय असलेलं वरचं कवच) मिळतं का ते विचारा.

मशीनपेक्षाही निर्णायक आहे पाणी. उन्हाळ्यात काळ्या मातीची ढेकळं दगडासारखी होतात. भरावासाठी ती ७५ मिलिमीटरच्या आत फोडायची, पाणी मारायचं आणि ते मुरू द्यायचं. दाबलेला थर २०० मिलिमीटरच्या आत ठेवा, अ‍ॅम्प्लिट्यूड (कंपनात ड्रम किती वर-खाली होतो ते) जास्त आणि रोलरचा वेग कमी. रोलरखाली माती लवायला लागली तर पाणी जास्त झालंय. कंपन लगेच बंद करा. याउलट, कोरडी माती जोर लावून दाबली तर त्या दिवशी घनता छान येते, पण पावसाळ्यात तीच जास्त फुगते. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांत एरवी भरावाला प्रयोगशाळेतल्या कमाल कोरड्या घनतेच्या किमान ९५ टक्के घनता लागते, तर फुगणाऱ्या मातीला ९० ते ९५. सबग्रेडमध्ये (रस्त्याच्या थरांखालचा भरावाचा सर्वांत वरचा भाग) आणि त्याखालच्या ५०० मिलिमीटरमध्ये ही माती चालतच नाही. फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती पाण्यात किती फुगते याचं माप, ५० टक्क्यांवर असेल तर रोलर शोधण्याआधी मुरूम शोधा.

घनता तपासताना चिकणमातीला कोअर कटर, म्हणजे थरात ठोकून मातीचा नमुना काढायचं पोलादी नळकांडं, सोयीचा. पॅडफूटनंतर वरचा भुसभुशीत भाग मात्र पायांच्या खुणांखालपर्यंत खरवडून काढा आणि मगच कटर ठोका, नाहीतर बसलेला थरही चाचणीत नापास होईल.