विवाह नोंदीची प्रत: ग्रामपंचायत, महापालिका की विवाह अधिकारी?

व्हिसा, कौटुंबिक पेन्शन किंवा कोर्टाचं काम निघालं की विवाह प्रमाणपत्राची शोधाशोध सुरू होते. एक तर ते सापडत नाही, नाहीतर लॅमिनेशन केलेलं सापडतं आणि पुढच्या टेबलावर कोणी घेत नाही. मग नवी प्रत मागायची. पण कार्यालय आपल्या सोयीने निवडता येत नाही. नोंद ज्या दप्तरात आहे, तिथूनच प्रत मिळते. राहायला पुण्यात असलात तरी नोंद सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत असेल, तर पुण्याचं क्षेत्रीय कार्यालय तुम्हाला काही देऊ शकत नाही.

तेव्हा आधी कायदा ओळखा. लग्न विधीने लागलं आणि मग फॉर्म भरून नोंदवलं, तर गेल्या पंचवीसेक वर्षांतली नोंद बहुधा महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालची असते. गावात हे काम ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), शहरात नगरपालिका-महापालिकेने नेमलेल्या निबंधकाकडे. महिनाभराची नोटीस देऊन ‘कोर्ट मॅरेज’ केलं असेल, तर नोंद विशेष विवाह कायदा, १९५४ खालची आणि पुस्तक विवाह अधिकाऱ्याकडे, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागात. नावावर जाऊन न्यायालयात चकरा मारू नका, तिथे हे दप्तर नसतं.

ग्रामपंचायतीत गर्दी नाही आणि वही समोरच्या कपाटात असते. खरी अडचण माणसाची. एकाच ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात, त्यामुळे तो कोणत्या वारी कुठे बसतो हे फोन करून विचारल्याशिवाय एसटीत बसू नये. बदल्यांमध्ये जुन्या वह्यांचा चार्ज नीट दिला-घेतला गेला नसेल, तर ‘वही सापडत नाही’ हे उत्तर मिळतं. ते तोंडी ऐकून परतू नका.

महापालिकेत उलटं. संगणकावर चढलेली नोंद असेल आणि नोंदणी क्रमांक हाताशी असेल, तर काम सरळ आहे. क्रमांक नसला की तारीख विचारतात आणि लोक हमखास लग्नाची तारीख सांगतात. वही मात्र नोंदणीच्या क्रमाने भरलेली असते. मे महिन्यातलं लग्न डिसेंबरात नोंदवलेलं असेल, तर मेची पानं कितीही चाळली तरी ते मिळणार नाही. अर्जात दोन्ही तारखा लिहा, नक्की आठवत नसेल तर वर्ष आणि अंदाजे महिना.

कागदाचं वजन पाहिलं तर मला विवाह अधिकाऱ्याकडचं दप्तर सगळ्यात भक्कम वाटतं. त्या पुस्तकात वधू-वर आणि तीन साक्षीदारांच्या सह्या असतात. ते पाहायला मागण्याची आणि फी भरून प्रमाणित उतारा घेण्याची तरतूद कायद्याच्या कलम ४७ मध्येच आहे. शिवाय नोंदींच्या खऱ्या प्रती राज्याच्या महानिबंधकांकडे पाठवायच्या असतात, म्हणजे मूळ पुस्तक हाती लागलं नाही तरी विचारायला दुसरी जागा उरते.

आता कोणती प्रत मागायची ते. व्हिसा, बँक, विमा यांना प्रमाणपत्राची नवी प्रत पुरते. कोर्टात लग्नाची तारीख, जागा किंवा साक्षीदार यांवरच वाद असेल, तर प्रमाणपत्रापेक्षा मूळ ज्ञापनाची, म्हणजे नोंदणीच्या वेळी भरून दिलेल्या फॉर्मची, प्रमाणित प्रत कामाला येते. खिडकीवर नुसतं ‘सर्टिफिकेटची कॉपी’ म्हणाल तर ज्ञापन कोणी काढून देणार नाही, अर्जात तसं स्पष्ट लिहावं लागतं. नोटरीने शिक्का मारलेली झेरॉक्स ही प्रमाणित प्रत नव्हे. खऱ्या प्रतीवर ‘खरी प्रत’ असा शेरा, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव, पदनाम आणि कार्यालयाचा शिक्का हवा. यातलं नाव आणि तारीख नेमकी लिहायची राहून जाते. खिडकी सोडण्याआधी बघा. आणि वहीत नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल तर प्रतीतही तेच उतरणार. दुरुस्तीचा अर्ज वेगळा, तो आधी.

स्वतः जावं की ऑनलाइन? नोंद अलीकडची असेल तर ‘आपले सरकार’ किंवा महापालिकेचं पोर्टल. हस्तलिखित वहीतली असेल तर स्वतः जा, किंवा अधिकारपत्र देऊन जवळच्या नातेवाइकाला पाठवा. एजंट पैसे घेतो ते मुख्यतः रांगेत उभं राहण्याचे, वही त्यालाही तीच शोधावी लागते. कसंही करा, पोच घ्या. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते आणि ती टळली की अपील करता येतं, पण पोच नसेल तर मुदत कधीपासून मोजणार?

नोंदच सापडली नाही, तर ‘नोंद आढळून येत नाही’ असं लेखी घ्या. त्यानंतर दोन वाटा आहेत. १९९८ च्या कायद्याखाली उशिरा नोंदणी करता येते. लग्नाची तारीख मूळचीच राहते आणि विलंबाचे पैसे भरावे लागतात. दुसरी वाट विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ ची, म्हणजे विधीने आधीच झालेलं लग्न त्या कायद्याखाली नोंदवण्याची. तिथे पुन्हा तीस दिवसांची नोटीस आणि हरकतींची वाट पाहणं आलं. शिवाय अशा नोंदणीनंतर वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर तो बदल होत नाही. नुसता कागद हवा असेल तर पहिली वाट धरा, दुसरीकडे वकिलाला विचारूनच वळा.

गोव्यातल्या लग्नाची नोंद तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे असते. पोर्तुगीज काळातली जुनी पुस्तकं पणजीच्या पुराभिलेख खात्यात मिळू शकतात, भाषांतराचा खर्च त्यात धरा.

परदेशासाठी प्रत घेत असाल तर ताजी घ्या आणि लॅमिनेट करू नका. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का), हा क्रम. कॅनडा जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल मानतो. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र दूतावासाचा शिक्का लागतो, त्यामुळे दुबईला जाणाऱ्यांनी जास्तीचे दिवस हाताशी ठेवूनच अर्ज टाकावा.