हायब्रिड हार्ड डिस्कचा बोर्ड बदलून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

थोडं लांबलचक होईल पण लिहितोच, कारण असे विक्रेते ऑनलाइन ढीगभर आहेत आणि सगळ्यांची बोलायची पद्धत एकच.

माझी ३.५ इंची एसएसएचडी (हायब्रिड हार्ड डिस्क). म्हणजे आत नेहमीच्या फिरणाऱ्या चकत्या आणि खालच्या बोर्डावर थोडी फ्लॅश मेमरी (सीगेटने २०१० मध्ये मोमेंटस एक्सटी काढली तेव्हा ४ जीबी होती, पुढे ८ झाली). पीसीचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) उडाला आणि जाताना हिलाही घेऊन गेला. डिस्क फिरेना, बायोसमध्ये दिसेना, बोर्डाला जळका वास. म्हणजे बोर्डच गेला होता, यात शंका नव्हती. तुमची डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र बहुतेक वेळा हेडचा (चकतीवरचा डेटा वाचणाऱ्या भागाचा) घोळ असतो, तिथे बोर्डाच्या नादी लागूच नका.

तर ऑनलाइन बोर्ड विकणारा एक जण म्हणाला बोर्डावरचा नंबर जुळला की झालं, प्लग अँड प्ले, डेटा शंभर टक्के. बोर्ड आला, नंबर अगदी तोच, डिस्क फिरली पण, मग दोनचार टिकटिक आणि बंद. फोन केला तर साहेब अगदी गार, म्हणे हो हो, रॉम ट्रान्सफर करावा लागतो ना, जुना बोर्ड आणि डिस्क पाठवा, त्याचे वेगळे पैसे. अहो मग आधी का नाही सांगितलं? रॉम म्हणजे बोर्डावर आठ पायांची एक बारीक चिप असते, त्यात त्याच डिस्कच्या हेडची फॅक्टरीत केलेली सेटिंग असते, दोन सेम मॉडेलची सुद्धा एकसारखी नसते. फार जुन्या डिस्कांना नुसता बोर्ड बदलून चालायचं, हे लोक अजून तेच विकतात. थोड्या दिवसांनी नवीन टूम, हायब्रिड आहे म्हणून फ्लॅशची चिप पण हलवावी लागेल, अजून पैसे. आणि शेवटी काय तर 'हेड गेलेत, डेटा निघणार नाही'.

पार्सल परत आलं ते उघडून बघतो तर 'जुना बोर्ड' म्हणून पाठवलेला माझा नव्हताच! पाठवायच्या आधी मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते. माझ्या बोर्डावर पॉवर कनेक्टरशेजारचा डायोड जळून काळा पडला होता, ह्याच्यावर डाग सुद्धा नाही, आणि रॉमच्या जागी नुसता तपकिरी फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट पदार्थ) चिकटलेला, चिप गायब. फोटो पाठवले तर म्हणे फोटो दुसऱ्या डिस्कचा असेल. त्यानंतर फोन उचलणं बंद.

जास्त राग कशाचा येतो सांगू, एसएमपीएस उडाल्यावर पुष्कळदा ५ किंवा १२ व्होल्टच्या लाइनवरचा टीव्हीएस डायोडच (जास्तीच्या व्होल्टेजपासून बोर्ड वाचवणारा भाग) शॉर्ट होतो. तो स्वतः मरतो आणि बाकी बोर्ड वाचवतो. मीटर लावून कळतं, जाणकार माणूस तो काढतो आणि चांगल्या सप्लायवर तेवढ्यापुरती डिस्क चालवून डेटा कॉपी करून घेतो. माझा मूळ बोर्ड कदाचित तेवढ्यावर उठला असता, आता तोच हातात नाही.

तुमच्याकडे अशी डिस्क असेल तर बोर्ड द्यायच्या आधी चिपवरची अक्षरं वाचता येतील असे जवळून फोटो काढा. रॉम वेगळ्या चिपमध्ये असेल तर कुणा रिपेअरवाल्याकडून सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपमधला डेटा वाचणारं छोटं यंत्र) लावून तो आधी वाचून घ्या आणि फाइल स्वतःकडे ठेवा. हे करायला जो टाळाटाळ करेल त्याला डिस्क देऊ नका.