टाइल्सच्या कडेची पट्टी: धातूची की पीव्हीसीची?

ओट्याच्या आणि भिंतीच्या कडांना कुठली पट्टी लावावी, यावर वहिनींचं काम अडलंय. दुकानातली 'लाइफटाइम'ची भाषा बाजूला ठेवू.

पीव्हीसी स्वस्त, कापायलाही सोपी. ॲल्युमिनियमचा ४५ अंशांचा काप जुळायला मिस्त्रीचा हात बसलेला हवा. कापलेली कड कानशीने घासून घ्या, नाहीतर बोट चिरतं.

खरा फरक वापरात कळतो. ओट्याच्या कडेवर कुकर आपटतो, तापलेली कढई टेकते. तिथे पीव्हीसी मऊ पडून वाकते, खिडकीशी असेल तर उन्हाने पिवळटते. ॲल्युमिनियमला पोचा येईल, पण टाइलची कड वाचेल. फक्त त्यावर ओलं सिमेंट वाळू देऊ नका, डाग जात नाहीत. बाथरूम ॲसिडने धुण्याची सवय असेल तर मात्र पीव्हीसीच बरी. ते ॲसिड ॲल्युमिनियमला खातं, स्टेनलेस स्टीलच्या पट्टीलाही खातं.

पट्टी कुठलीही असो, उंची टाइलच्या जाडीला जुळणारी घ्या आणि टाइल लावतानाच बसवून घ्या.

ओट्याला ३०४ ग्रेडचं (हा स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) स्टील, महाग असलं तरी. भिंतीच्या कोपऱ्यांना ॲल्युमिनियम. भाड्याने द्यायच्या खोलीला पीव्हीसी पुरे.